अण्णांचे देहदान आणि त्यानंतरचे पाच महिने

१० फेब्रुवारी २०२४ रोजी, शनिवारी पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी, सोलापुरातील आमच्या राहत्या घरी माझे आजोबा गेले. ते ८२ वर्षांचे होते. घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि मीही अण्णाच म्हणत असे. त्यांनी नेत्रदान आणि देहदान या दोन्हींची संकल्पपत्रे भरून ठेवली होती. ते संकल्प पुरे करण्यापासून आजीचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत जे काही करावे लागले, त्यातले बरेचसे माझ्या वाट्याला आले. त्या काळात अनेकदा वाटत राहिले की अमुक एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर धावपळ वाचली असती. म्हणून हे सगळे क्रमाने लिहून ठेवते आहे. पण अण्णा काय काम करीत होते हे सांगितल्याशिवाय त्यांनी देहदान का केले हे कळणार नाही, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी लागेल.

अण्णा शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला, असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ साली सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या काही तुकड्यांपैकी एका तुकडीत त्यांनी शिक्षण घेतले आणि १९६७ मध्ये ते नोकरीला लागले. ३१ मे १९९९ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच एक काम केले. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, सीमेपलीकडून आलेले शेतमजूर असे सगळे सिव्हिलमध्ये येत. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून अण्णा तेलुगू आणि कन्नड या दोन्ही भाषा कामापुरत्या शिकले. क्षयाचे औषध तेव्हा वर्ष-दीड वर्ष घ्यावे लागे आणि जरा बरे वाटले की माणसे ते सोडून देत. अशा सुटलेल्या रुग्णांचे पत्ते घेऊन अण्णा सायकलवरून वस्त्या पालथ्या घालत. रुग्णासमोर बसले की त्यांचा पहिला प्रश्न "काय होतंय?" हा नसे, तर "घरी कोण असतं?" हा असे.

त्यांच्या कामाचा एक भाग मात्र घरातही फारसा कोणाला ठाऊक नव्हता. रस्त्यावर, रेल्वे स्थानकावर बेशुद्ध सापडलेली, नाव-गाव सांगू न शकणारी माणसे रुग्णालयात दाखल होत. कागदोपत्री ती 'अनोळखी' असत. त्यांचे नातेवाईक शोधण्यासाठी अण्णांनी स्वतःची वेगळी वही ठेवली होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची, आडव्या रेघांवर पट्टीने उभे रकाने आखलेली अशी ती वही. दाखल झाल्याची तारीख, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, खिशातली वस्तू, बोललेला शब्द किंवा भाषा, ओळखीची खूण आणि शेवटी 'ताब्यात' असे ते रकाने होते. एका नोंदीत मी वाचले: "स्त्री, वय ६० च्या सुमारास. हिरवे इरकली लुगडे. पदराच्या गाठीत एसटीचे अर्धे तिकीट, अक्कलकोट. झोपेत कन्नड. उजव्या हातावर गोंदण, तीन अक्षरे, भावाचे नाव असावे." शेवटच्या रकान्यात वेगळ्या शाईने लिहिले होते: "भाऊ येऊन घेऊन गेला. २३ दिवस." गोंदणाकडे ते फार बारकाईने पाहत, कारण त्या पिढीतल्या बायका हातावर नवऱ्याचे किंवा भावाचे नाव, देवाचे चिन्ह गोंदवून घेत आणि तेवढ्यावरून कधी कधी गाव सापडे.

मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून या तपासात माझाही एक छोटा वाटा होता. रविवारी सकाळी अण्णा पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन ओट्यावर बसत आणि निरनिराळ्या गावांच्या सरपंचांना पत्रे लिहीत. पत्त्याखालच्या सहा चौकोनांत पिनकोड भरण्याचे काम माझे असे. एकही आकडा चौकोनाबाहेर गेलेला त्यांना चालत नसे. ते रागावत नसत, फक्त दुसरे कार्ड पुढे करीत. काम झाले की आम्ही दोघे शेंगाचटणी आणि भाकरी खात असू. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पाहण्यासाठी त्यांनी मला खांद्यावर बसवलेले मला आजही आठवते, आणि त्याच गर्दीत "चुकलीस तर काय सांगशील?" असे विचारून माझे पूर्ण नाव, त्यांचे नाव आणि घराचा पत्ता माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलेलाही आठवतो. एवढी हरवलेली माणसे पाहिलेल्या माणसाची नातीविषयीची काळजी तशीच असणार, हे मला पुढे कळले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जनाहून परतलेली गावे गाढ झोपेत होती. जखमींना सोलापुरात आणायला सुरुवात झाली तसे अण्णा घरून गेले, ते नवव्या दिवशी अंघोळीपुरते परत आले, असे आजी सांगते. वहीत त्या दिवसांची अकरा पाने आहेत. त्यांत रकाने आखलेले नाहीत, फक्त नावे आणि गावे आहेत, आणि बऱ्याच लहान मुलांच्या नावापुढे 'सोबत कोणी नाही' असे लिहिलेले आहे.

ज्यांचा तपास कधीच लागला नाही, त्यांच्यापुढे 'ताब्यात' या रकान्यात अण्णांनी 'शरीररचनाशास्त्र विभाग' असे लिहिले आहे. महाराष्ट्रात १९४९ चा शरीररचना अधिनियम आहे. त्यानुसार रुग्णालयात मरण पावलेल्या आणि कोणीही हक्क न सांगितलेल्या व्यक्तीचा देह वैद्यकीय शिक्षणासाठी देता येतो. ही गोष्ट अण्णांच्या मनाला लागून राहिली होती. २००९ साली देहदानाचा अर्ज भरताना त्यांनी आम्हा सर्वांना समोर बसवून सांगितले होते, "ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांच्यावर शिकून पोरं डॉक्टर झाली. त्या टेबलावर आपल्यातल्या कुणीतरी आपणहून जायला पाहिजे." मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला हे बोलणे ऐकवले नाही. मी उठून आत गेले होते.

अर्ज भरणे सोपे होते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातून तो विनामूल्य मिळाला. दोन छायाचित्रे, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागल्या; साक्षीदारांपैकी निदान एक जवळचा नातेवाईक असावा अशी अपेक्षा होती. आजीने आणि माझ्या वडिलांनी सही केली. मोठ्या काकांनी केली नाही. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत आणि आम्हीही तो विषय पुन्हा काढला नाही. आज मला वाटते की आमची सर्वांत मोठी चूक तीच झाली. संकल्पपत्र भरले म्हणजे काम झाले असे आपण समजतो, परंतु माणूस गेल्यानंतर देह द्यायचा की नाही हे प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांच्या संमतीवर ठरते. घरातल्या एकाने जरी ठाम विरोध केला, तर महाविद्यालय सहसा देह स्वीकारत नाही. म्हणून ज्याने सही केलेली नाही त्याच्याशी बोलणे सही केलेल्यांपेक्षा अधिक गरजेचे असते, आणि ते बोलणे माणूस हयात असताना, त्याच्या समोर व्हायला हवे.

२०२३ च्या दिवाळीनंतर अण्णांची तब्येत खालावत गेली. हृदय थकले होते आणि रुग्णालयात नेऊ नका असे त्यांनी स्वतः सांगितले होते. जानेवारीअखेरीस त्यांच्या पाठीवर लहानशी जखम झाली. तेव्हा मी पहिल्यांदा देहदानाच्या अटी नीट वाचल्या. शवविच्छेदन करावे लागेल असा मृत्यू, एचआयव्ही, कावीळ किंवा क्षय यांसारखा संसर्ग, मोठ्या प्रमाणावरचे भाजणे किंवा वाढलेल्या शय्याव्रणाच्या जखमा असतील तर देह नाकारला जाऊ शकतो. त्या दिवसापासून वडील आणि मी पाळीपाळीने दर दोन तासांनी अण्णांची कूस बदलू लागलो आणि जखम दहा दिवसांत सुकत आली. मी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून सोलापूरला येई आणि रविवारी परत जाई. ९ फेब्रुवारीलाही तशीच आले होते. अण्णा जागे होते. त्यांनी माझा हात धरून विचारले, "जेवलीस का?" माझ्याशी बोललेले ते त्यांचे शेवटचे शब्द.

पहाटे ते गेल्यावर काही मिनिटे कोणालाच काही सुचले नाही. मग आजी म्हणाली, "डोळ्यांचं बघा. वेळ थोडा असतो." नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते, म्हणजे आमच्या हातात १० वाजून ४० मिनिटांपर्यंतचा अवधी होता. मी पंखा बंद केला, अण्णांच्या पापण्या मिटल्या, त्यांवर स्वच्छ ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या आणि डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच केले. या चार गोष्टी कोणालाही करता येतात आणि त्यांनी बुबुळे कोरडी पडत नाहीत. नेत्रपेढीला फोन लागला. अण्णांचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते आणि त्यांना मधुमेहही होता, त्यामुळे डोळे घेतील की नाही अशी शंका माझ्या मनात होती. यांपैकी कशाचीही अडचण नसते असे पलीकडून शांतपणे सांगण्यात आले. सात वाजून दहा मिनिटांनी दोघेजण आले. त्यांनी संमतीपत्रावर वडिलांची आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली, तपासणीसाठी थोडे रक्त घेतले आणि वीस मिनिटांत काम पूर्ण केले. नंतर पाहिले तर चेहऱ्यात काहीही फरक नव्हता. अण्णा झोपलेलेच दिसत होते. ज्यांना चेहरा विद्रूप होईल ही भीती वाटते त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहीत आहे.

दरम्यान आमचे नेहमीचे डॉक्टर येऊन गेले. मृत्यू घरी झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र नमुना ४ अ मध्ये मिळते. रुग्णालयात झाला असेल तर ते नमुना ४ मध्ये असते. नुसत्या लेटरहेडवर लिहून दिलेल्या दाखल्याने पुढे अडचण येते, त्यामुळे नमुन्यातीलच प्रमाणपत्र मागून घ्यावे. मृत्यू नैसर्गिक आहे हे त्यात स्पष्ट असावे आणि नावाचे स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणेच असावे. डॉक्टर लिहीत असताना मी आधार कार्ड त्यांच्यासमोर धरून उभी होते. अण्णांनी शिकवलेली ती सवय होती.

त्यानंतर देहदानाच्या कार्डावरचा दूरध्वनी क्रमांक लावला, तो अस्तित्वात नव्हता. कार्ड पंधरा वर्षांपूर्वीचे होते आणि मधल्या काळात क्रमांक तपासून ठेवणे आमच्याकडून राहिले होते. त्यातच शनिवार, म्हणजे कार्यालयाला सुट्टी. साडेसातपासून सव्वाआठपर्यंतची ती पाऊण तासाची वेळ मला सर्वांत कठीण गेली. शेवटी अण्णांच्या हाताखाली काम केलेल्या, आता स्वतःही निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यांनी विभागातील कर्मचाऱ्याचा भ्रमणध्वनी क्रमांक मिळवून दिला. सुट्टीच्या दिवशीही देह स्वीकारण्याची व्यवस्था असते. दुपारी बाराच्या आत घेऊन या, असे सांगण्यात आले. ज्यांच्या घरी असे कार्ड आहे त्यांनी वर्षातून एकदा त्या क्रमांकावर फोन करून पाहावा आणि सुट्टीच्या दिवशी कोणाशी बोलायचे तेही विचारून कार्डामागे लिहून ठेवावे.

मोठे काका नऊ वाजता पंढरपूरहून आले. ते अण्णांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "अग्नी मिळाला पाहिजे. मी थोरला आहे. एवढं मला करू द्या." त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, त्यांना रडू येत होते. मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही, कारण पंधरा वर्षांपूर्वी मीही उठून आत गेले होते. माझे वडील गप्प राहिले. आजी पदर सावरून उठली, कपाटातून संकल्पपत्राची प्रत आणली आणि काकांच्या हातात दिली. ती म्हणाली, "सही त्यांची आहे. दोनदा वाचून केलीय. मी शेजारी बसले होते." काकांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग त्यांनी विचारले, "मी निदान पाणी पाजू शकतो ना?" आजी म्हणाली, "ते तूच पाजायचंस." काकांनी अण्णांच्या मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र ठेवले, सर्वांनी फुले वाहिली आणि पावणेअकराला शववाहिका निघाली. पुढे काकाच बसले होते.

महाविद्यालयात आम्हाला साधारण पन्नास मिनिटे लागली. मृत्यूच्या कारणाचे मूळ प्रमाणपत्र पाहून त्याची प्रत ठेवून घेतली गेली. अण्णांचे आणि देह सुपूर्द करणाऱ्याचे आधार कार्ड, संकल्पपत्र आणि नातेवाइकांचे संमतीपत्र एवढी कागदपत्रे लागली. प्रत्येकाच्या चार प्रती मी सकाळी शेजारच्या मुलाकडून काढून आणवल्या होत्या, त्या सगळ्या उपयोगी पडल्या. डॉक्टरांनी पाठीवरची जखम पाहिली आणि हरकत नाही म्हणाले. डोळे दिलेले असले तरी देह स्वीकारतात, हेही तिथे पुन्हा विचारून घेतले. अंगावरचे दागिने, जानवे, कवळी काढून द्यायची का असे विचारले असता सगळे घरीच काढून आणणे बरे, असे उत्तर मिळाले. देहाचे पुढे काय होईल हेही मी विचारले, कारण आजीने ते विचारून यायला सांगितले होते. रक्तवाहिनीतून रसायन भरून देह टिकवला जातो आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्यावर शिकतात. काम संपल्यावर त्याची विल्हेवाट महाविद्यालयच सन्मानाने लावते. अस्थी किंवा रक्षा परत दिली जात नाही. विच्छेदन सुरू करण्याआधी विद्यार्थी देहासमोर उभे राहून शपथ घेतात, असेही त्या डॉक्टरांनी सांगितले. अण्णांना आत नेताना काकांनी स्ट्रेचरला हात लावला आणि दारापर्यंत गेले. दार बंद झाल्यावर आम्हाला देह स्वीकारल्याचे पत्र मिळाले.

ते पत्र फार जपून ठेवावे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या वेळी एरवी स्मशानभूमीचा दाखला मागतात. देहदानात तो नसतो आणि त्याच्या जागी हेच पत्र लागते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क आणि पुढे तर वरिष्ठांची परवानगी लागते. वडील आणि मी सोमवारी, १२ तारखेला महापालिकेत गेलो. नोंद करणाऱ्याला दाखल्याची पहिली प्रत विनामूल्य मिळते आणि जादा प्रतींना नाममात्र शुल्क पडते. मी आठ प्रती घेतल्या, त्यांपैकी सहा लागल्या. दाखला २१ फेब्रुवारीला हातात आला.

अस्थी नव्हत्या, त्यामुळे दहाव्या दिवशी काय करायचे हा प्रश्न घरात होताच. आजीने गुरुजींना बोलावून स्वतः विचारले, आणि त्यांच्या सांगण्यावरून काकांनी दर्भाची प्रतिकृती करून विधी केला. देहदान करणाऱ्या कुटुंबांना धार्मिक विधी सोडून द्यावे लागतात असा एक समज आहे. आमच्या घरी तसे झाले नाही, आणि काकांच्या मनाची घालमेल त्या दिवसानंतर पुष्कळ कमी झाली.

चौदाव्या दिवशी, म्हणजे २३ फेब्रुवारीला, आम्ही एका सभागृहात आठवणींसाठी बसलो. निमंत्रण कोणालाच धाडले नव्हते, फक्त वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या होत्या. तीसेक माणसे येतील असे वाटले होते, प्रत्यक्षात खुर्च्या कमी पडल्या. एक विडी कामगार आजी कुंभारीच्या घरकुलांतून बस बदलून आल्या होत्या. १९८४ साली त्यांना क्षय झाला तेव्हा अण्णा दर पंधरा दिवसांनी दारात येऊन गोळ्यांची पाकिटे मोजत, आणि एकदा त्या औषध चुकवून माहेरी गेल्या तर तिथेही पोहोचले, हे त्यांनी तेलुगू-मराठी मिसळून सांगितले. दुसऱ्या एका गृहस्थांनी सांगितले की निवृत्तीनंतर दर मंगळवारी अण्णा तहसील कचेरीबाहेर बसून संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज लोकांना भरून देत, आणि पैसे देऊ केले तर पेन मागून घेत. आमच्या घरात पेनांनी भरलेला डबा का होता, हे मला त्या दिवशी समजले. भाषणे कोणी केली नाहीत. ज्यांना अशी सभा ठेवायची असेल त्यांनी दाराशी एक कोरी वही ठेवावी. बोलायला संकोचणारी माणसे जाताना लिहून जातात.

महिन्याभराने नेत्रपेढीचे पत्र आले. दोन व्यक्तींना प्रत्यारोपण झाल्याचे त्यात होते. त्यांची नावे सांगत नाहीत आणि ते योग्यच आहे. काकांनी त्या पत्राची प्रत मागून घेतली आणि पंढरपूरच्या घरी देवघराशेजारी लावली आहे.

कुटुंब निवृत्तिवेतनाला मात्र वेळ लागला. शासकीय कर्मचारी गेल्यानंतर त्याच्या पत्नीला साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के दराने हे वेतन मिळते आणि ते मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, त्यामुळे मंजुरीला उशीर झाला तरी थकबाकी मिळते. अण्णांचा निवृत्तिवेतन प्रदान आदेश, म्हणजे पीपीओ, कपाटात पहिल्याच खणात होता आणि त्यावर दोघांचे एकत्रित छायाचित्र व आजीचे नाव होते. अडचण आली ती नावाचीच. सेवापुस्तकात आणि पीपीओत आजीचे लग्नानंतरचे नाव होते, पण तिच्या आधार कार्डावर बोलण्यातले, घरगुती नाव लागलेले होते. त्यामुळे तिचे स्वतंत्र खाते उघडताना एका बँकेत तीन खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेला नवा कागद मागितला गेला. मार्चअखेरीस शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर केले. त्याला एकूण ६५० रुपये लागले. ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा निवृत्तिवेतन घेतात त्यांनी दोघेही हयात असतानाच पीपीओ, आधार, पॅन आणि बँकेच्या पुस्तकावरची नावे एकमेकांशी ताडून पाहावीत. आणखी एक गोष्ट म्हणजे मृत्यूची माहिती बँकेला आणि कोषागाराला लगेच कळवावी आणि त्यानंतर खात्यावर जमा झालेली रक्कम काढू नये. ती पुढे वसूल होते आणि हिशोब लांबतो.

देहदानाचा सगळा खर्च सांगायचा तर शववाहिकेचे १,५०० रुपये, छायाप्रती आणि छायाचित्रांचे २४० रुपये एवढाच झाला. नेत्रदानाला आणि देह स्वीकारण्याला कोणीही एक पैसा मागितला नाही. सभागृहाचे भाडे २,००० रुपये होते. निवृत्तिवेतनासाठी पैशांपेक्षा रजा अधिक गेल्या, माझ्या अकरा.

अर्ज १५ एप्रिलला दाखल झाला. निवडणुकीचे दिवस होते, त्यामुळे मे महिना वाट पाहण्यातच गेला. त्या काळात मी रात्री अण्णांची वही वाचत असे. ती छापावी असे काही जणांनी सुचवले, परंतु तिच्यात रुग्णांची नावे आणि आजार आहेत आणि अण्णांनी ती कधी कोणाला दाखवली नव्हती, म्हणून ती आमच्या घरीच राहील असे आजीने आणि मी ठरवले. या लेखात दिलेल्या नोंदीत कोणाचेही नाव नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आजीला ओळख पटवण्यासाठी कोषागारात प्रत्यक्ष बोलावणे आले. मी आदल्या रात्री पुण्याहून आले. आजीने पांढरट निळे पातळ नेसले होते आणि अण्णांची पिशवी खांद्याला लावली होती. कागद तिने स्वतः तारखेप्रमाणे लावून घेतले होते. तिथल्या बाईंनी आजीला खुर्ची दिली, पाणी दिले आणि एक नमुना पुढे केला. आजीला डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून मी भरू लागले. नाव, पत्ता, पिनकोड. पिनकोड सहा चौकोनांत. त्याखाली 'शरीरावरील ओळखीच्या खुणा' असा रकाना होता. मी आजीकडे पाहिले. तिने उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि मनगट टेबलावर ठेवले. कातडी सैल झाली होती, पण हिरवट रेघा स्पष्ट दिसत होत्या.

"लिही," ती म्हणाली. "उजव्या मनगटावर गोंदण. तुळशीवृंदावन. खाली दोन ठिपके, त्यातला एक पुसट."

मी तिने सांगितले तसेच लिहिले. तिने सही केली, बाईंनी शिक्का मारला, आणि ८ जुलै २०२४ रोजी ११ फेब्रुवारीपासूनच्या थकबाकीसह पहिले वेतन तिच्या खात्यावर जमा झाले.